दाजींची सिटी आणि चार लॉकनट

गेल्या जुलैत एका शुक्रवारी पहाटे पावणेसहाला दाजींचा फोन आला. इतक्या पहाटे फोन म्हणजे गावाकडची काहीतरी बातमी, या धास्तीनंच उचलला. पलीकडून दाजी कुजबुजल्यासारखे म्हणाले, "अरे, समोरच्यांची गाडी विटांवर उभी आहे."

त्या विटा नव्हत्या. फुटपाथचं काम चालू होतं, तिथले पेव्हर ब्लॉक होते. मी आठच्या सुमारास पुण्यातल्या कर्वेनगरला पोचलो तेव्हा गाडीभोवती अर्धी गल्ली जमली होती. जेमतेम वर्षभराची एसयूव्ही, भिंतीच्या बाजूची दोन्ही चाकं गायब, आणि गाडी पेव्हर ब्लॉकच्या दोन चवडींवर किंचित तिरकी बसलेली. खाली वाकून पाहिलं तर नट तिथेच पडले होते. मोजले, दहाच्या दहा. एकाचेही कोपरे झिजले नव्हते, म्हणजे योग्य मापाचा पाना घेऊन, घाई न करता केलेलं काम. मागच्या दाराखालची पट्टी मात्र जॅक चुकीच्या जागी लावल्यामुळे आत दबली होती. पुढे तिचा डेंटिंग-पेंटिंगचा खर्चही त्या गृहस्थांच्या अंगावर आला.

भोसरी एमआयडीसीतल्या एका फास्टनरच्या कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणी खात्यात आहे. नट आणि बोल्ट एवढंच आमचं जग. त्यामुळे नात्यात कुठेही काही सैल झालं की फोन मला येतो. दाजींनी तर माझ्या हातात चहा द्यायच्या आधीच मोबाइल पुढे केला. चाकांच्या लॉकनटचा, म्हणजे साध्या पान्यानं न सुटणाऱ्या वेगळ्या खाचेच्या नटांचा एक संच, चार नट आणि ते सोडवायची एक किल्ली, ७९९ रुपये, उद्या घरपोच. "मागवू ना?"

"थांबा जरा," मी म्हणालो. "रविवारी बसून बघू."

ताई आतून म्हणाली, "म्हणजे रविवारपर्यंत चाकं राहिली तर!"

गाडी आणि जागा

दाजींची गाडी २०१७ ची होंडा सिटी, पेट्रोल, वरचं मॉडेल. तिला कंपनीतूनच सोळा इंची अलॉय व्हील आलेली आहेत, टायर १८५/५५ आर१६. बिल्डिंग जुनी, सोळा फ्लॅट आणि पार्किंग नऊ. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा दाजींची निघाली नाही, म्हणून गाडी रात्री रस्त्यावर असते. एका बाजूला कंपाउंडची भिंत, वर गुलमोहर, आणि पालिकेचा दिवा बरोबर गुलमोहराच्या आत. म्हणजे उजेड पानांना, गाडीला नाही.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळालं. माझी स्वतःची वॅगन आर आहे, लोखंडी रिम, वर प्लास्टिकच्या टोप्या, आणि ती गेटच्या आत वॉचमनच्या खुर्चीसमोर उभी राहते. तिला लॉकनट लावणं म्हणजे रिकाम्या तिजोरीला कुलूप. लोखंडी रिमसाठी रात्री कुणी जॅक घेऊन फिरत नाही. मी दाजींना आधी तेच सुचवलं, अगदी गंभीरपणे: ही अलॉय विकून टाका, पंधरा इंची लोखंडी रिम बसवा, विषय संपला. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ताईचं मंगळसूत्र मोडायला सांगितलंय. दर रविवारी ते चाकांच्या फटींत जुना टूथब्रश घालून बसतात. माणसाचा जीव कशात असावा याला नियम नाही. तेव्हा तो मार्ग बंद.

चाकं गेली तर नेमकं किती जातं

लोक "सत्तर-ऐंशी हजार" म्हणतात आणि घाबरतात. मी कागद घेतला. शोरूमच्या पार्ट काउंटरवर एका अलॉयचा भाव साडेअकरा हजारांच्या आसपास सांगितला. टायर साधारण सात हजारांचा. म्हणजे एक चाक १८,५००, आणि चारही गेली तर ७४,०००.

आता विमा. दाजींची पॉलिसी साधी सर्वसमावेशक, झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारी जोड, नाही. आठ वर्षांच्या गाडीला ते सहसा मिळतही नाही. पॉलिसीच्या मागच्या पानावर घसाऱ्याचा तक्ता छापलेला असतो, जो कुणी वाचत नाही. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा. रबर, टायर, बॅटरी यांवर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्के. शिवाय पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आपल्या खिशातून.

तर चार चाकांचा क्लेम असा येतो: अलॉयचे ४६,००० पैकी २७,६००, टायरचे २८,००० पैकी १४,०००, एकूण ४१,६००, त्यातून हजार वजा. हातात ४०,६००. खिशातून ३३,४००.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. दाजींना क्लेम न केल्याबद्दल ५० टक्के बोनस मिळतो. त्यांचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मूळ ८,००० धरला तर ते भरतात ४,०००. एक क्लेम केला की बोनस शून्यावर, मग पुन्हा पायरीपायरीनं २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मूळ हप्ता तेवढाच राहिला असं धरून त्या पाच वर्षांत जादा जाणारे पैसे मांडले: ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. बरोबर दहा हजार. म्हणजे चार चाकं गेली तर विमा असूनही खरी झळ ४३,४०० रुपयांची. समोरच्यांसारखी दोनच गेली तर २७,२००.

एक गंमत यात निघाली. एकच चाक गेलं तर क्लेम मिळणार ९,४०० आणि बोनस बुडणार दहा हजारांचा. तिथे पोलीस ठाणं, सर्व्हेअर, फोटो हे सगळं करून माणूस सहाशे रुपये तोट्यात.

दाजींनी दरम्यान एजंटला फोन लावला होता: लॉकनट लावले तर हप्त्यात सूट मिळते का? त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सूट असते, पण ती एआरएआयची मान्यता असलेल्या चोरीविरोधी उपकरणाला, गाड्या आणि त्यांचे भाग तपासणारी हीच आपल्या वेताळ टेकडीवरची संस्था. अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. दाजींच्या ४,००० वर अडीच टक्के म्हणजे शंभराची नोट. एजंट म्हणाला, चाकाच्या नटाला तीही नाही. दाजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

शक्यता

झळ किती हे कळलं, पण ती बसण्याची शक्यता किती? इथे माझ्यासारख्या तपासणीवाल्याला घाम फुटतो, कारण आकडे नाहीत. जे होतं ते घेतलं. बिल्डिंगचे वॉचमन मामा तीन वर्षांपासून आहेत. त्यांच्या आठवणीत या गल्लीत दोन प्रकार झाले: हा एक, आणि दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या लाल गाडीचा. रात्री रस्त्यावर साधारण चाळीस गाड्या असतात. नटांचा हिशेब मी सहा वर्षांवर धरला. तीन वर्षांत चाळिसात दोन, म्हणजे सहा वर्षांत चार. दहात एक.

लॉकनटनं चोरीची शक्यता निम्मी होते असं मी धरलं. हा शुद्ध अंदाजपंचे आकडा आहे, कुणाला पाव धरायचा असेल तर धरा. चांगला संच २,४०० रुपयांना पडेल असं गृहीत धरलं, तर चार चाकांच्या हिशेबानं तो परवडायला सहा वर्षांत नऊ गाड्यांमागे एक चोरी व्हायला हवी. दोन चाकांच्या हिशेबानं सहांमागे एक. आमची गल्ली दहात एक. म्हणजे न घेतलेलं बरं.

पण मग दाजींबरोबर रात्री जेवणानंतर गल्लीतून चक्कर मारली आणि गाड्या नीट पाहिल्या. चाळीसपैकी अलॉय असलेल्या अठराच. बाकी लोखंडी. चोरीला गेलेल्या दोन्ही गाड्या अलॉयवाल्या. मग खरा हिशेब चाळिसांत नाही, अठरांत करायचा. सहा वर्षांत अठरांत चार, म्हणजे साडेचारांत एक. आता दोन्ही हिशेबांनी नट घ्यावेत असं येतं. भागायचं कशानं एवढं बदललं आणि उत्तर उलटं झालं. दोनच घटनांवरून दर काढलाय हे मला कळतं; दोन नग तपासून मी लॉट पास केला असता तर भोसरीत माझी खुर्ची राहिली नसती. तरी बाजू कुठली जड आहे ते दिसलं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली आणि अजून खटकते. लॉकनटचा खरा उपयोग चोराला अडवण्यापेक्षा त्याला पुढच्या गाडीकडे धाडण्याचा आहे. चोर बॅटरीचा झोत टाकून बघतो, एका नटाचं तोंड वेगळं दिसलं की दुसरी गाडी शोधतो. आपली वाचली ती शेजाऱ्याची जाते. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मग शेजाऱ्यांनीही लावावेत की." यावर काय बोलणार.

अकरा मिनिटं

घ्यायचं ठरवण्याआधी मला एक बघायचं होतं. वारज्याजवळ आमचे ओळखीचे मिस्त्री आहेत. त्यांना विचारलं, किल्ली हरवलेले लॉकनट तुम्ही काढता का? ते हसले. म्हणाले, "जुनी गाडी घेतलेलं गिऱ्हाईक महिन्याला एखादं असतंच. गाडीच्या चार किल्ल्या घेतात, चाकाची विसरतात." त्याच आठवड्यात तसं एक गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी मला बोलावलं.

नट साधे होते, बाहेरून गुळगुळीत गोल, मध्ये फुलासारखी खाच. मिस्त्रींनी डब्यातून एक जुनी गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखं बसणारं सॉकेट काढलं, तीन ठोक्यांत नटावर बसवलं, त्याला टॉमी म्हणजे फिरवायचा दांडा लावला आणि अंगाचा भार टाकला. कर्र करून नट सुटला. चारही नट निघेपर्यंत मध्ये चहाचे दोन घोट झाले. मी घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटं.

मग मी सोबत नेलेला दुसऱ्या प्रकारचा एक लॉकनट पिशवीतून काढला. त्याच्या बाहेर स्टीलचं एक वेगळं कडं असतं, ते सैल, नटाभोवती नुसतं फिरतं. जुन्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, तो बसवून मिस्त्रींना म्हटलं, हा काढा. गोटी ठोकली तर कडं गोटीसकट गरगर फिरलं आणि आतला नट जागचा हलला नाही. दुसरी गोटी, मग छिन्नी. वीस मिनिटांनी मिस्त्रींनी घाम पुसला. "वेल्डिंग लावून निघेल," म्हणाले. "पण रात्री तीनला गल्लीत कोण वेल्डिंग लावणार?"

त्यातही ठोके. गोटी ठोकायचा तो टण टण आवाज दुपारच्या वर्दळीतही रस्त्यापलीकडे पोचत होता. समोरच्यांच्या चाकांच्या वेळी कुणाला काहीच ऐकू आलं नव्हतं, कारण साधा नट पान्यानं काढताना आवाजच होत नाही. लॉकनटमुळे चोराला वेळ लागतो हे सगळेच सांगतात. माझ्या मते खरी गोष्ट आवाजाची आहे.

अभेद्य कुठलाच नसतो. खाचांच्या नक्ष्या ठरावीक असतात, त्यांच्या किल्ल्यांचे संच बनतात, गॅरेजवाल्यांकडे असतात, आणि जे गॅरेजवाल्याकडे असतं ते चोराकडे पोचायला वेळ लागत नाही.

बूड

आता माझ्या धंद्यातला भाग. तो थोडा लांबेल, कारण इथे लोक पैसे तर घालवतातच, कधी कधी चाकही घालवतात.

दाजींनी मी "थांबा" म्हटल्यावरही तो ७९९ चा संच मागवला होताच. सोमवारी आला. सिटीच्या स्टडचे, म्हणजे नट ज्यांच्यावर चढतात त्या दांड्यांचे आटे एम१२ (बारा मिलिमीटर जाडी), पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर. नट हातानं फिरवला तर लोण्यासारखा शेवटपर्यंत गेला. दाजी खूश. सुझुकीच्या गाड्यांना पिच सव्वा असतो. तिथे दीडचा नट दोन आटे जाऊन अडतो आणि माणूस पाना लावून जबरदस्ती करतो, स्टड खराब. तो धोका इथे नव्हता. पण आटे जुळले म्हणजे नट जुळला असं नाही.

चाकाच्या नटाचं काम आट्यांनी संपत नाही. नटाचं बूड रिमच्या भोकातल्या वाटीत बसतं, आणि चाक खरं त्या बैठकीवर धरलेलं असतं. बहुतेक गाड्यांत ही बैठक निमुळती असते, साठ अंशांच्या कोनाची. होंडाच्या मूळ रिममध्ये ती गोल असते, चेंडूच्या तळासारखी. दाजींनी मागवलेल्या नटांचं बूड निमुळतं. डोळ्यांनी फरक जवळजवळ दिसत नाही.

मी कारखान्यातून निळ्याची ट्यूब आणली होती. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला आम्ही हेच वापरतो. एका भागावर बोटानं पातळ निळं पसरायचं, जोडून दाबायचं, सोडवायचं, मग जिथे निळं उमटलं तिथे स्पर्श. एक चाक काढून भोकाच्या वाटीत निळं लावलं. आधी गाडीचा मूळ नट दाबला. त्याच्या बुडावर चांगला रुंद, सलग निळा पट्टा उमटला. मग नवा लॉकनट दाबला. त्याच्यावर केसाएवढी एक रेघ, बस. दाजी चष्मा लावून बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते.

सिटीला एका चाकाला चारच नट आहेत. एक लॉकनट म्हणजे चाकाची पाव पकड. ती रेघेवर उभी राहिली तर गाडी तापते, गार होते, खड्ड्यात आपटते, रेघ दबते आणि नट सैल पडतो. चोरापासून वाचवलेलं चाक कात्रजच्या उतारावर सोडून द्यायचं, असा तो व्यवहार. उलटा प्रकारही होतो: कुणी होंडावर बाहेरून नवी अलॉय बसवलेली असतात आणि तिची बैठक निमुळती असते, मग तिथे गोल बुडाचा नट चुकीचा. गाडीच्या नावावर जाऊ नये, भोकात बोट घालून बघावं.

जाता जाता त्या नटावर कानसही मारली. चांगला लॉकनट वरून कडक केलेला असतो, कानस त्यावरून नुसती घसरते. इथे ती गुळात शिरावी तशी शिरली, आणि क्रोमचा पापुद्रा निघून आला. संच परत पाठवला. पैसे मिळाले, हे सांगायला हवं.

खरेदीसाठी आम्ही नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानात "सगळ्या गाड्यांना बसतो" असं उत्तर आलं, तिथून काही न बोलता बाहेर पडलो. दुसऱ्याकडे गोल बुडाचे होते पण फिरतं कडं नव्हतं. तिसऱ्या दुकानातले काका खुर्चीतून न उठता म्हणाले, "होंडा? अलॉय ओरिजिनल की बाहेरची?" मी दाजींना कोपर मारलं. ज्या माणसानं हा प्रश्न आधी विचारला त्याच्याकडूनच घ्यायचं. २,४०० रुपये, घासाघीस नाही, सोबत किल्लीचा नंबर छापलेलं कार्ड. निळं लावून पाहिलं, पट्टा आला.

बसवणं

बसवणं अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक चाकाला एक. होंडाला १०८ न्यूटन-मीटर ताण लागतो. आमच्या भाषेत, पाव मीटर लांबीच्या टॉमीच्या टोकावर ४४ किलो. लोक टॉमीवर पाय देऊन उभे राहतात. ७० किलोचा माणूस उडी मारून त्यावर आला तर स्टडचं काय होत असेल ते स्टडलाच ठाऊक. मी टॉर्क रेंच, म्हणजे ताण मोजून आवळायचा पाना, नेला होता. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ताण बघितला.

लॉकनटला हवेची गन लावायची नाही. किल्लीच्या खाचा बारीक असतात, गनच्या दणक्यानं त्या तुटतात आणि मग आपणच आपल्या चाकाबाहेर. टायरच्या दुकानातल्या पोरांना हे सांगून उपयोग नाही, ती गन हातात घेऊनच जन्माला आलेली असतात. दाजींनी सन व्हायझरला मार्करनं लिहिलेला कागद चिकटवला: "लॉकनट हातानं. आधी तोच सोडवा, शेवटी तोच आवळा." पोरं वाचतात की नाही माहीत नाही, पण ताई गाडीबाहेर उभी राहून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते.

याच दरम्यान गाडीची जागाही बदलली, आणि मला विचाराल तर २,४०० रुपयांइतकंच काम त्यानं केलं असावं. सोसायटीनं अर्ज करून गुलमोहराच्या फांद्या छाटून घेतल्या, दिवा रस्त्यावर आला. दाजी आता गाडी त्याच्याखाली, भिंतीला इतकी चिकटवून लावतात की त्या बाजूनं जॅक फिरवायला जागा नाही. पुढची चाकं भिंतीकडे पूर्ण वळवलेली. खर्च शून्य. चेअरमनना तीन वेळा चहा पाजावा लागला तेवढाच.

समोरच्यांनी चोरीची तक्रार नोंदवली. आता नव्या कायद्यात चोरीचं कलम ३०३ आहे, जुनं ३७९ गेलं. एफआयआरची प्रत मिळाली, त्यावर क्लेम झाला. चाकं काही सापडली नाहीत. त्यांनी दोन नवी अलॉय बसवली आणि लॉकनट लावले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वीज एकाच झाडावर दोनदा पडत नाही हो." पडते, पण मी वाद घातला नाही.

शिरवळ

हिशेबात मी एक रकाना मोकळा सोडला होता. तो नोव्हेंबरात भरला.

ताई-दाजी साताऱ्याला लग्नाला निघाले होते. शिरवळच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला तुटलेल्या काँक्रीटवर डावा मागचा टायर घासला आणि बगलेला चिरला. टायर ट्यूबलेस आहे, साधं पंक्चर असतं तर चाक न काढताच पट्टी भरून गेले असते. बगलेची चीर म्हणजे स्टेपनीच. दाजींनी जॅक काढला, टॉमी काढली, तीन नट सैल केले. चौथा लॉकनट. किल्ली?

किल्ली घरी. देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये. कारण दाजींनी विचार केला होता की किल्ली गाडीत ठेवली तर चोराला आयतीच सापडेल.

माझा फोन वाजला. मी म्हटलं, दाजी, चाकाच्या चोराला काच फोडून किल्ली शोधायला वेळ असता तर त्यानं गाडीच नेली नसती का? हे त्या क्षणी बोलायला नको होतं. ताईनं फोन घेतला आणि मला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. शेवटी भाचा बाइकवरून कर्वेनगरहून किल्ली घेऊन गेला. पन्नासेक किलोमीटर, त्यात कात्रजचं ट्रॅफिक. दोन तास दहा मिनिटं ते दोघं लग्नाच्या कपड्यांत रस्त्याकडेला बसले होते. अक्षता चुकल्या. पंगत मिळाली.

मी परत आल्यावर तो जुना कागद काढला आणि खर्चाच्या बाजूला लिहिलं: पेट्रोल २५० रुपये, ताईचा अबोला तीन दिवस. पहिल्या आकड्यानं उत्तर बदलत नाही. दुसऱ्याला कुठल्या दरानं गुणायचं ते मला ठरवता आलं नाही.

आता किल्ली जॅकच्या पिशवीत असते, जुन्या मोज्यात गुंडाळून, पिशवीच्या नाडीला बांधलेली. कार्डावरचा नंबर दाजींच्या आणि भाच्याच्या फोनमध्ये आहे. त्या नंबरावरून दुसरी किल्ली मागवली, ६०० रुपये आणि तीन आठवडे लागले. ती आली तेव्हा ताईनं पाकीट स्वतः फोडलं, किल्ली आपल्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकली, आणि रिकाम्या पाकिटावर बॉलपेननं "शिरवळ" असं लिहून ते फ्रिजला लावून ठेवलं.